सांत्यागो दे कोम्पोस्तेला

सांत्यागो दे कोम्पोस्तेला : वायव्य स्पेनमधील इतिहासप्रसिद्ध ख्रिस्ती तीर्थक्षेत्र, धर्मपीठ व विद्यापीठाचे नगर. गॅलिशिया या स्वायत्त प्रदेशाची राजधानी. लोकसंख्या सुमारे ९८,००० (२०२१). ते आ कोरुन्या या प्रांतात, त्याच नावाच्या बंदराच्या दक्षिणेस सुमारे ५५ किमी. अंतरावर, सार व सारेला या लहान नद्यांच्या दरम्यानच्या टेकडीवर वसले असून समुद्रसपाटीपासून त्याची उंची सु. २६० मी. आहे. जेरूसलेम व रोम यांच्या बरोबरीने मध्ययुगीन ख्रिस्ती जगातील तीन प्रमुख यात्रास्थानांमध्ये त्याची गणना होत असे. येशू ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांपैकी एक, थोरला याकोब, याची कबर येथे आहे, अशी श्रद्धा आहे. ‘सांत्यागो’ हे ‘संत याकोब’ या नावाचेच स्पॅनिश रूप होय. कबरीविषयीची ही श्रद्धा ऐतिहासिक पुराव्याने सिद्ध झालेली नाही. परंतु तिच्यामुळे अकराशे वर्षे चालू राहिलेली यात्रा आणि त्या यात्रेने घडविलेले नगर यांचा इतिहास मात्र दगडांत, दस्तऐवजांत व मार्गांत पदोपदी नोंदला गेला आहे.

अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे येथे पाऊस भरपूर पडतो. वार्षिक सरासरी पर्जन्यमान १८० सेंमी.च्या आसपास आहे. स्थानिक ग्रॅनाइट दगडाच्या भिंती, शेवाळ व दगडफुलाने हिरवट-पिवळसर झालेली शिल्पे आणि पावसापासून आडोसा देणाऱ्या कमानींच्या ओसऱ्या ही जुन्या नगराची वैशिष्ट्ये या हवामानाशी निगडित आहेत. रुआ दो व्हिलार व रुआ नोव्हा या रस्त्यांवरील ओसऱ्यांखालून भर पावसातही नगराचा मोठा भाग पायी ओलांडता येतो.

आख्यायिका व नावाची व्युत्पत्ती : जब्दीचा मुलगा व योहानाचा भाऊ याकोब याचा हेरोद अग्रिप्पा राजाने इ. स. ४४ च्या सुमारास शिरच्छेद करविला, असा उल्लेख बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात आहे. त्यापुढील वृत्तांत परंपरेचा आहे. याकोबाने स्पेनमध्ये धर्मप्रसार केला होता व त्याच्या मृत्यूनंतर शिष्यांनी त्याचे शव नावेतून गॅलिशियाच्या किनाऱ्यावरील इरिआ फ्लाव्हिआ (सध्याचे पाद्रोन) येथे आणून जवळच्या अरण्यात पुरले, असे ही परंपरा सांगते. कालांतराने कबरीचा विसर पडला. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, इ. स. ८२० ते ८३० च्या सुमारास, पेलायो नावाच्या एका एकांतवासी साधूस रानावर विलक्षण प्रकाश दिसला आणि इरिआ फ्लाव्हिआचा बिशप थेओदोमीर याने तेथे शोध घेतला असता एक प्राचीन थडगे आढळले. ते याकोबाचे असल्याचे त्याने जाहीर केले.

या प्रकाशकथेला अनुसरून ‘कोम्पोस्तेला’ या नावाचा उगम ‘ताऱ्याचे शेत’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांत शोधला जातो. तथापि ‘नीट पुरणे’ वा ‘दफनभूमी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी त्याचा संबंध जोडणारी व्युत्पत्तीही अभ्यासकांनी सुचविली आहे. कॅथीड्रलच्या जमिनीखाली १९४६ ते १९५९ या काळात झालेल्या उत्खननांत रोमन व आरंभीच्या मध्ययुगातील दफने मिळाल्याने या दुसऱ्या मतास बळकटी आली. याच उत्खननात १९५५ मध्ये थेओदोमीरचे नाव व ८४७ हे मृत्युवर्ष कोरलेली शिळा सापडली. तोपर्यंत काही इतिहासकार या बिशपाला दंतकथेतील व्यक्ती मानीत. शिळेमुळे त्याचे ऐतिहासिक अस्तित्व निश्चित झाले. शिळेजवळ मिळालेले अस्थिअवशेष त्याचेच असणे संभवनीय आहे, असा निष्कर्ष आनुवंशिक व रासायनिक चाचण्यांच्या आधारे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. कबर शोधणारा बिशप अशा रीतीने इतिहासात आला. कबर नेमकी कोणाची, हा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला. चौथ्या शतकात पाखंडी ठरवून देहदंड दिलेला प्रिसिलियन हा येथे पुरलेला असावा, असाही तर्क फ्रेंच इतिहासकार ल्वी द्यूशेन याने १९०० मध्ये केला होता. त्यासही निर्णायक पुरावा नाही.

इतिहास : कबरीच्या शोधाच्या वेळी आयबेरियन द्वीपकल्पाचा बहुतेक भाग मुस्लिम सत्तेखाली होता व उत्तरेकडील डोंगराळ पट्ट्यात आस्तूरियासचे छोटे ख्रिस्ती राज्य तग धरून होते. त्या राज्यास एका प्रेषिताचे संरक्षण लाभणे हे धार्मिक तसेच राजकीय दृष्ट्याही महत्त्वाचे होते. दुसरा अल्फॉन्सो (कार. ७९१–८४२) याने थडग्यावर पहिले साधे चर्च बांधले. तिसऱ्या अल्फॉन्सोच्या कारकीर्दीत त्या जागी अधिक मोठे चर्च उभे राहिले व ८९९ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले. कॉर्दोव्हाच्या खिलाफतीचा सेनानी अल्-मन्सूर याने ९९७ मध्ये नगर व चर्च उद्ध्वस्त केले. थडग्यास मात्र त्याने धक्का लावला नाही. चर्चच्या घंटा ख्रिस्ती बंदिवानांच्या खांद्यांवरून कॉर्दोव्हास नेण्यात आल्या व १२३६ मध्ये ते शहर जिंकल्यावर तिसऱ्या फर्डिनंडने त्या मुस्लिम बंदिवानांकरवी परत पाठविल्या, असे परंपरागत वृत्तांत सांगतात.

सध्याच्या कॅथीड्रलचे बांधकाम १०७५ च्या सुमारास, सहाव्या अल्फॉन्सोच्या कारकीर्दीत, बिशप दिएगो पेलाएसच्या पुढाकाराने सुरू झाले. १०९५ मध्ये धर्मपीठ इरिआ फ्लाव्हिआहून अधिकृत रीत्या येथे आले. दिएगो हेल्मीरेस हा येथील पहिला आर्चबिशप (११२०) नगराच्या उत्कर्षाचा खरा शिल्पकार मानला जातो. बांधकामास गती देणे, पोपकडून मान मिळविणे आणि धर्मपीठाची सत्ता वाढविणे ही कामे त्याने एकाच वेळी केली. ही सत्ता नागरिकांना जाचक वाटत असे. १११७ मध्ये झालेल्या उठावात नागरिकांनी कॅथीड्रलच्या मनोऱ्यास आग लावली; त्या वेळी हेल्मीरेस व राणी उर्राका या दोघांचेही प्राण संकटात सापडले होते.

याकोबाच्या नावाचा उपयोग युद्धासाठीही झाला. ८४४ मध्ये क्लाव्हिहो येथील लढाईत तो पांढऱ्या घोड्यावरून प्रकट झाला व त्याने मुरांचा संहार केला, अशी कथा रूढ झाली. ही लढाई ऐतिहासिक मानली जात नाही. तिच्या आधारे धान्य व द्राक्षासव यांच्या रूपाने कर वसूल करण्याचा हक्क कॅथीड्रलला देणारी सनदही बाराव्या शतकातील बनावट असल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. तरीही हा कर शतकानुशतके वसूल होत राहिला व कादिझ येथील प्रतिनिधिसभेने १८१२ मध्ये तो रद्द ठरविला. एकीकडे हाती काठी, डोक्यावर रुंद काठाची टोपी व अंगावर शिंपला धारण केलेला विनम्र यात्रेकरू आणि दुसरीकडे तलवार उगारलेला ‘मुरांचा संहारक’, अशा दोन परस्परविरोधी रूपांत हा संत स्पॅनिश कलेत आढळतो. कॅथीड्रलमधील अठराव्या शतकातील अश्वारूढ मूर्तीच्या तळाशी दाखविलेल्या मुरांच्या आकृती अलीकडील काळात फुलांनी झाकण्यात येतात.

यात्रामार्ग : आरंभीच्या ज्ञात परदेशी यात्रेकरूंपैकी एक म्हणजे फ्रान्समधील ल प्वीचा बिशप गोदस्काल्क होय, तो ९५०–५१ मध्ये येऊन गेला. अकराव्या व बाराव्या शतकांत यात्रेकरूंचा ओघ वाढत गेला. त्यांच्यासाठी राजांनी पूल बांधले, मठांनी धर्मशाळा व रुग्णालये चालविली आणि मार्गावरील गावांत परदेशी व्यापारी व कारागीर स्थायिक झाले. बाराव्या शतकाच्या मध्यास संकलित झालेल्या व कॅथीड्रलच्या ग्रंथागारात जतन केलेल्या कोडेक्स कॅलिक्स्तिनुस या हस्तलिखिताचे पाच भाग आहेत. त्यांत उपासनाविधी, चमत्कारकथा व संताच्या शवाच्या प्रवासाचा वृत्तांत आलेला असून अखेरचा भाग म्हणजे यात्रेकरूंसाठीची मार्गदर्शिका आहे. तीत मार्गावरील टप्पे, पिण्यास योग्य व अयोग्य पाण्याच्या नद्या, निरनिराळ्या लोकांच्या चालीरीती व खुद्द कॅथीड्रलची रचना यांचे वर्णन आढळते. आरंभकालीन बहुस्वरी संगीताच्या अभ्यासासही हे हस्तलिखित मोलाचे आहे. जुलै २०११ मध्ये ते चोरीस गेले व वर्षभराने सुखरूप परत मिळाले.

या मार्गदर्शिकेनुसार फ्रान्समधून चार मार्ग निघतात. तूर, व्हेझले व ल प्वी यांवरून येणारे तीन मार्ग पिरेनीजच्या उत्तरेस एकत्र येतात व राँसेस्व्हालेसच्या खिंडीतून स्पेनमध्ये उतरतात. आर्लहून येणारा चौथा सोंपोर्तच्या खिंडीतून येतो. प्वेंते ला रेइना येथे ते मिळतात. तेथून बुर्गोस, लेऑन, आस्तोर्गा व ओ सेब्रेइरोची घाटवाट ओलांडून जाणाऱ्या मार्गास ‘फ्रेंच मार्ग’ म्हणतात. पिरेनीजच्या पायथ्यापासून त्याची लांबी सु. ७८० किमी. असून पायी चालणाऱ्यास साधारणपणे महिना ते पाच आठवडे लागतात. याशिवाय ओव्हिएदोहून येणारा जुना मार्ग, उत्तर किनाऱ्याचा मार्ग, पोर्तुगालमधून येणारा मार्ग, सेव्हिलहून उत्तरेस येणारा ‘व्हिआ दे ला प्लाता’ आणि समुद्रमार्गे आ कोरुन्या व फेरोल येथे उतरणाऱ्यांचा ‘इंग्रजी मार्ग’ हेही प्रसिद्ध आहेत.

गॅलिशियाच्या किनाऱ्यावर मिळणारा पंख्याच्या आकाराचा शिंपला यात्रा पूर्ण केल्याची खूण म्हणून यात्रेकरू घरी नेत. पुढे तो यात्रेचेच बोधचिन्ह बनला व मार्गदर्शक दगडांवर कोरला जाऊ लागला.

नगरप्रवेश व कॅथीड्रल : फ्रेंच मार्गाने येणारा यात्रेकरू नगराच्या पूर्वेकडील लाव्हाकोया येथील ओढ्यावर स्नान करी आणि पुढे मोंते दो गोसो म्हणजे ‘आनंदाची टेकडी’ चढून जाई. येथून त्याला कॅथीड्रलचे मनोरे प्रथम दिसत. तेथून सु. ५ किमी. चालल्यावर जुन्या तटाच्या ‘मार्गद्वारा’ने तो नगरात शिरतो. तट आता बव्हंशी पाडला गेला असला, तरी द्वाराचे नाव व वाट कायम आहे. अरुंद रस्त्यांनी ही वाट कॅथीड्रलच्या उत्तर बाजूस पोहोचते. कॅथीड्रलच्या चारही बाजूंस चार चौक असून प्रत्येकाचे स्वरूप वेगळे आहे; त्यांतून फिरताना अकराव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंतच्या वास्तुशैलींचा क्रम लक्षात येतो.

उत्तरेकडील आसाबाचेरिआ हा चौक जेट या काळ्या, चकचकीत खनिजाचे ताईत व शिंपले कोरणाऱ्या कारागिरांच्या नावाने ओळखला जातो. येथील मूळ रोमनेस्क प्रवेशद्वार अठराव्या शतकात पाडून नवा दर्शनी भाग बांधण्यात आला. मूळ द्वाराची काही शिल्पे दक्षिणेकडील प्लातेरिआस म्हणजे चांदीकारांच्या चौकातील द्वारावर बसविली आहेत. हे दक्षिणद्वार बाराव्या शतकाच्या आरंभीचे असून कॅथीड्रलच्या बाह्यांगाचा रोमनेस्क स्वरूपात टिकलेला हा एकमेव दर्शनी भाग होय. दुहेरी कमानींवरील शिल्पफलकांत येशूचे प्रलोभन, त्यास झालेले फटक्यांचे शासन इ. प्रसंग असून बाजूस वाद्य वाजविणाऱ्या दावीद राजाची प्रसिद्ध मूर्ती आहे. निरनिराळ्या ठिकाणची शिल्पे एकत्र बसविल्याने त्यांचा क्रम विस्कळित वाटतो.

पूर्वेस किंताना हा दोन पातळ्यांचा चौक असून त्यांना रुंद पायऱ्यांनी जोडले आहे. खालचा भाग अठराव्या शतकापर्यंत दफनभूमी होता. म्हणून त्यास ‘मृतांची किंताना’ व वरच्या भागास ‘जिवंतांची किंताना’ म्हणतात. याच बाजूस ‘पवित्र द्वार’ आहे. २५ जुलै हा संताचा सण ज्या वर्षी रविवारी येतो, ते पवित्र वर्ष मानले जाते व त्या वर्षीच हे द्वार उघडे असते. दर सहा, पाच, सहा व अकरा वर्षांनी असा योग येतो. २०१० नंतरचे पवित्र वर्ष २०२१ हे होते. करोना महासाथीमुळे पोपच्या अनुमतीने त्याची मुदत २०२२ अखेरपर्यंत वाढविण्यात आली. त्यानंतरचा योग २०२७ चा होय.

पश्चिमेकडील ओब्रादोइरो हा सर्वांत विस्तृत चौक. नावाचा अर्थ ‘कारखाना’ असा असून कॅथीड्रलच्या दगडफोड्यांचे काम येथे चाले. फेर्नांदो दे कासास नोव्होआ याने १७३८ ते १७५० या काळात बांधलेला येथील बरोक दर्शनी भाग स्पॅनिश बरोक वास्तुकलेचा उत्कृष्ट नमुना समजला जातो. दोन उंच मनोरे, त्यांच्यामधील निमुळते शिखर व मोठमोठ्या काचेच्या खिडक्या अशी त्याची रचना आहे. जुन्या चर्चमध्ये भरपूर उजेड यावा आणि आतील रोमनेस्क द्वारमंडपाचे पावसापासून रक्षण व्हावे, अशा दुहेरी हेतूने ती साधली आहे.

हा द्वारमंडप म्हणजे पोर्तिको दे ला ग्लोरिआ अर्थात ‘वैभवाचा मंडप’ होय. मातेओ या शिल्पी-स्थपतीस दुसऱ्या फर्डिनंडने ११६८ मध्ये वेतन बांधून दिले व कमानींच्या तुळया १ एप्रिल ११८८ रोजी बसविल्याचा कोरीव लेख मंडपातच आहे. तीन कमानींवर मिळून दोनशेहून अधिक आकृती आहेत. मध्यभागी जखमा दाखविणारा ख्रिस्त, भोवती शुभवर्तमानकार व वरच्या अर्धवर्तुळात वाद्ये जुळवीत बसलेले प्रकटीकरणातील चोवीस वडील दिसतात. या वाद्यांचे बारकावे इतके अचूक आहेत, की त्यांवरून आधुनिक कारागिरांनी प्रत्यक्ष वाजणारी वाद्ये तयार केली. स्मित करणारा दानिएल संदेष्टा हे येथील दुसरे लक्षवेधक शिल्प. मधल्या स्तंभावर यात्रेकरूंचे स्वागत करणारा याकोब बसलेला असून त्याखाली येशूच्या वंशवृक्षाचे कोरीव काम आहे. त्यावर हात टेकून प्रार्थना करण्याच्या प्रथेमुळे संगमरवरात पाच बोटांचे खोल ठसे उमटले आहेत. नाव नसलेल्या लक्षावधी यात्रेकरूंची ही एकमेव सामुदायिक स्वाक्षरी म्हणावी लागेल. आता स्तंभास स्पर्श करण्यास मनाई आहे. ओलाव्याने खराब झालेल्या या मंडपाचे जतनकार्य अनेक वर्षे चालून २०१८ मध्ये पूर्ण झाले. त्या वेळी निरनिराळ्या शतकांत दिलेल्या रंगांचे थर उजेडात आले. येथे मर्यादित संख्येनेच दर्शकांना प्रवेश देण्यात येतो.

कॅथीड्रलचा तलविन्यास क्रुसाकार असून लांबी सु. १०० मी. आहे. मोठ्या संख्येने येणाऱ्या यात्रेकरूंमुळे चालू उपासनेत व्यत्यय येऊ नये, ही त्याच्या रचनेमागील मुख्य दृष्टी होय. त्यासाठी मध्यदालनाच्या दोहों बाजूंची पार्श्वदालने आडव्या दालनांतून थेट वेदीमागील प्रदक्षिणामार्गास जोडली असून त्या मार्गावर लहान प्रार्थनाकक्ष आहेत. वरच्या बाजूस सर्वत्र सज्जे आहेत. तूलूझ व काँक येथील चर्चमध्येही हाच वास्तुकल्प आढळतो व त्यास ‘यात्राचर्च’ असे म्हटले जाते.

मुख्य वेदीवर संताची बसलेली मध्ययुगीन मूर्ती आहे. वेदीमागच्या अरुंद पायऱ्या चढून मूर्तीस पाठीमागून आलिंगन देणे व नंतर वेदीखालील तळघरात चांदीच्या पेटीतील अस्थींसमोर प्रार्थना करणे, हा यात्रेचा समारोप होय. आडव्या दालनात टांगले जाणारे बोताफुमेइरो हे प्रचंड धूपपात्रही प्रसिद्ध आहे. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लूईने दिलेल्या देणगीतून घडविलेले रौप्यपात्र नेपोलियनच्या सैन्याने नेले. सध्याचे, चांदीचा मुलामा दिलेले पितळी पात्र १८५१ मधील आहे. त्याची उंची सु. दीड मी. व वजन ५० किग्रॅ.हून अधिक आहे. आठ सेवक दोर ओढून ते झुलवितात. पात्र झोक्याच्या तळाशी येताच दोर आखडणे व टोकाशी पोहोचताच तो सैल सोडणे, या क्रियेने दर झोक्यास ऊर्जा मिळून पात्र जवळजवळ छतापर्यंत जाते. ठराविक सणांच्या दिवशी, तसेच विशेष विनंतीवरून हा विधी होतो. दूरवरून चालत आलेल्या जनसमुदायाचा दर्प धूपाने घालविणे, हाही त्याचा एक हेतू असल्याचे सांगितले जाते.

इतर वास्तू : ओब्रादोइरो चौकाच्या चार बाजू धर्म, आतिथ्य, शासन व विद्या या नगराच्या चार अंगांच्या निदर्शक आहेत. पूर्वेस कॅथीड्रल व त्यास लागून हेल्मीरेसचा रोमनेस्क प्रासाद आहे. उत्तरेस फर्डिनंड व इझाबेला यांनी यात्रेकरूंसाठी स्थापिलेले राजकीय रुग्णालय (१५०१–११) असून एन्रिके एगास याने त्याचा आराखडा केला. चार अंगणांची ही इमारत १९५४ पासून शासकीय अतिथिगृह म्हणून वापरात आहे. पश्चिमेस अठराव्या शतकातील राहोय प्रासादात नगरपालिका आहे, तर दक्षिणेस सान हेरोनिमो महाविद्यालयाची इमारत असून ती विद्यापीठाकडे आहे. विद्यापीठाचा आरंभ १४९५ मधील एका शिक्षणसंस्थेपासून मानला जातो.

कॅथीड्रलच्या उत्तरेस सान मार्तिन पिनारिओ हा बेनेडिक्टाइन मठ स्पेनमधील सर्वांत मोठ्या मठांपैकी एक असून त्याच्या चर्चमधील सोनेरी वेदीपट प्रेक्षणीय आहे. किंताना चौकाच्या पूर्वेची लांबलचक, जाळीदार खिडक्यांची भिंत सान पाइओ मठाची आहे. थडग्याच्या रक्षणार्थ नेमलेल्या भिक्षूंसाठी तो स्थापन झाला. १४९९ पासून तेथे बेनेडिक्टाइन भिक्षुणी राहतात. ईशान्येस बोनाव्हाल येथील डॉमिनिकन मठात गॅलिशियन लोकजीवनाचे संग्रहालय, दोमिंगो दे आन्द्रादे याने बांधलेला तीन स्वतंत्र वळणांचा गोल जिना आणि गॅलिशियन कवयित्री रोसालिआ दे कास्त्रो (१८३७–८५) हिची समाधी आहे. नगराच्या सीमेवरील बाराव्या शतकातील सार येथील चर्चचे स्तंभ पाया खचल्याने बाहेरच्या बाजूस ठळकपणे कललेले असून भिंतींना नंतर जाडजूड धिरे देण्यात आले आहेत.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या चळवळीने यात्रेच्या कल्पनेवरच आघात केला, मार्टिन ल्यूथरने येथील अस्थींच्या खरेपणाची उघड टवाळी केली. युद्धे व रोगराई यांनीही मार्ग असुरक्षित झाले. १५८९ मध्ये फ्रान्सिस ड्रेकच्या आरमाराने आ कोरुन्यावर हल्ला केला, तेव्हा आर्चबिशपने अस्थी लपवून ठेवल्या. पुढे त्यांची नेमकी जागा विस्मृतीत गेली. जवळजवळ तीन शतके यात्रेकरू रिकाम्या वेदीखालच्या कबरीसमोर नतमस्तक होत राहिले. १८७९ मध्ये उत्खननात त्या पुन्हा सापडल्या. त्या तीन व्यक्तींच्या असल्याचे आढळले व याकोब आणि त्याचे दोन शिष्य यांच्याशी त्यांचा संबंध जोडण्यात आला. तेराव्या लिओ या पोपने १८८४ मध्ये त्यांना अधिकृत मान्यता दिली. तथापि दूरदूरच्या देशांतून पायी येण्याची जुनी परंपरा त्यामुळे लगेच पुनरुज्जीवित झाली नाही.

पायी यात्रेचे पुनरुज्जीवन ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घटना होय. ओ सेब्रेइरो येथील धर्मगुरू एलिआस व्हालिन्या (१९२९–८९) याने जुन्या वाटांचा अभ्यास केला व १९८४ मध्ये फ्रेंच मार्गावर स्वतः पिवळे बाण रंगविले. हेच बाण पुढे सर्व मार्गांचे सामायिक चिन्ह बनले. दुसरे जॉन पॉल या पोपने १९८२ व १९८९ मध्ये येथे भेट दिली. यूनेस्कोने १९८५ मध्ये जुन्या नगरास जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. युरोपीय परिषदेने १९८७ मध्ये या मार्गास पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून घोषित केले. स्पेनमधील मार्गास १९९३ मध्ये व फ्रान्समधील मार्गांस १९९८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

वाटेतील मुक्कामाच्या ठिकाणी यात्रापत्रावर शिक्के घेऊन शेवटचे किमान १०० किमी. अंतर पायी वा घोड्यावरून, अथवा २०० किमी. सायकलने पार करणाऱ्यास ‘कोम्पोस्तेला’ नावाचे लॅटिन प्रमाणपत्र मिळते. १९८० च्या दशकाच्या मध्यास अशा यात्रेकरूंची वार्षिक संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९९३ या पवित्र वर्षी ती एक लाखाच्या जवळ गेली, २०१९ मध्ये सु. ३·४७ लक्ष झाली व २०२४ मध्ये पाच लाखांच्या जवळ पोहोचली. अनेक जण १०० किमी.च्या अटीमुळे सारिआपासूनच चालण्यास आरंभ करतात. सर्वच यात्रेकरू धार्मिक हेतूने येत नाहीत. वियोगाचे दुःख, आयुष्यातील एखादा निर्णय, इतिहासाची आवड वा केवळ चालण्याची ओढ ही कारणेही असतात.

या यशाबरोबर नवे प्रश्नही निर्माण झाले आहेत. जुन्या नगरातील घरे पर्यटकांना अल्पकाळ भाड्याने दिली जाऊ लागल्याने स्थायी रहिवासी व रोजच्या गरजेची दुकाने घटली. म्हणून नगरपालिकेने अशा भाड्यावर निर्बंध आणले. दगडांची झीज, कॅथीड्रलमधील गर्दी आणि उपासना व प्रेक्षणीयता यांतील ताण हे प्रश्न कायमचे होऊन बसले आहेत. मध्ययुगात यात्रेकरूंच्या वर्दळीसाठीच कॅथीड्रलचा प्रदक्षिणामार्ग आखला गेला होता. आता तशीच व्यवस्था सबंध नगरासाठी करण्याची वेळ आली आहे. दगडी फरसबंदीवरून काठीचा आवाज करीत ओब्रादोइरो चौकात येणारे यात्रेकरू वर्षभर, पावसाळी हिवाळ्यातही, दिसतात. त्यांतील अनेकांना कबरीविषयीचा ऐतिहासिक वाद ठाऊक असतो. त्यामुळे चालण्याच्या त्यांच्या निश्चयात फरक पडल्याचे दिसत नाही.